बांगडी काढून ठेवा

ती घटना विसरायचा मी कधी प्रयत्नही केला नाही. केला असता तरी जमलं नसतं. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, समुद्रात बुडालेल्यांचे पंचनामे केले. त्यातलं बरंचसं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलं आहे. ही एक केस मात्र वेगळी राहिली. त्यातल्या कोणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की दापोलीकडचा माणूस अमिरातीच्या पोलिसात कसा. मी तरुणपणी तिकडे गेलो तेव्हा लहान अमिरातींमध्ये बाहेरच्या मुलांनाही पोलिसात घेत. शिपाई म्हणून लागलो आणि निवृत्त होताना ‘वकील’ होतो. अरबीत वॉरंट ऑफिसरला वकील म्हणतात. गावात ही गोष्ट शेवटपर्यंत कोणाच्या गळी उतरली नाही. सुट्टीवर आलो की लोक जमिनीचे कागद घेऊन दारात उभे. मी पोलीस आहे म्हटलं की म्हणत, असू द्या हो, पण सल्ला तर द्या.

दोन हजार आठची मंदी येऊन तेव्हा काही महिने झाले होते. उंच इमारतींवरच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. ठाण्याच्या काउंटरवर रोज न वटलेल्या चेकच्या तक्रारी यायच्या. कोणाचा व्हिसा रद्द झाला, कोणाची शाळेत जाणारी पोरं आठवड्याभरात गावी पाठवली, हेच सगळीकडे बोलणं. भीती बसली की माणसं हळू आवाजात बोलू लागतात, हे मी त्या वर्षी पाहिलं. आमच्या कॅन्टीनमध्येही तसंच होतं.

उम्म अल कुवैनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, वाळूत जरा आत, एक खासगी नेमबाजी क्लब होता. आज तो नाही. तिथे मुख्य प्रशिक्षक पुण्याचे होते. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत, मीही तेच म्हणेन. शारजात अल मजाजला खाडीकाठच्या एका टॉवरमध्ये बायको आणि मुलीसोबत राहत. मंदीत क्लबने नवी काडतुसं विकत घेणं बंद केलं. झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या गोळा करून, त्या पुन्हा भरून सरावाला वापरायच्या, असं ठरलं. परवाना रीतसर होता. पण हे काम करणारा कारागीर कपातीत गेला आणि त्याच्या जागी राजापूरकडच्या एका वयस्कर माणसाला बसवलं. हा माणूस इतकी वर्षं तिथे निशाणांचे पुठ्ठे बदलत असे. त्याला सगळे ‘चाचा’ म्हणत. सरांनी त्याला शेजारी बसवून काम शिकवलं. साऱ्या क्लबात मराठी बोलणारी तेवढीच दोन माणसं.

काम काय होतं ते थोडक्यात सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिथे रिव्हॉल्व्हरची दोन तऱ्हेची काडतुसं वापरत. जाडी एकच, पण एकाची पुंगळी आखूड, दुसऱ्याची लांब. दोन्ही एकाच प्रेसवर भरत. प्रेसचा दांडा ओढला की पुंगळी वर जाऊन डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरते आणि डाय गोळीला ठरावीक खोलीवर बसवून पुंगळीचं तोंड आवळते. डाय आखूड पुंगळीच्या मापाने बसवलेली होती. लांब पुंगळी भरायची तर डाय तेवढी वर उचलायला हवी. दरवेळी फिरवून माप घेत बसण्यापेक्षा सर डायच्या खाली एक पोलादी कडं घालत. कडं घातलं की माप लांबचं, काढलं की आखूडचं. कडं न घालताच लांब पुंगळी भरली तर गोळी नको तितकी आत दाबली जाते आणि बार उडताना दाब भलताच वाढतो. त्या कड्याला दोघं थट्टेने ‘बांगडी’ म्हणत. प्रेसला बांगडी घातली, प्रेसची बांगडी उतरवली, असं त्यांचं चाले.

सरांचा एक नियम होता. भरलेल्या प्रत्येक खेपेतली पहिली काडतुसं ते स्वतः झाडून बघत, सभासदाच्या हातात आधी देत नसत. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. रिव्हॉल्व्हरचं चक्र हातात फुटलं आणि एक तुकडा मानेत घुसला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. हिंदीत बोलणारा माणूस होता, नाव सांगेना. “वो बुड्ढे को नोटीस मिला था. उसने जान-बूझ के किया,” एवढं बोलून त्याने ठेवून दिला. खबर अशीच येते. सांगणारा अर्धं सांगतो आणि ऐकणारा उरलेलं मनात पूर्ण करतो. चाचाला नोकरी संपल्याची नोटीस खरंच मिळाली होती. पंचनाम्यात प्रेसवर कडं नव्हतं. ते सापडलं खणात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. कचऱ्याच्या डब्यात फुगलेल्या लांब पुंगळ्या होत्या, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे याला दिसत होतं. चाचाला ताब्यात घेतलं. दुभाष्याने हिंदीतून जबाब घेतला आणि अरबीत लिहिला: वरिष्ठांनी कडं हटवायला सांगितलं, म्हणून मी हटवलं.

तपास आमच्या नकीबकडे होता. नकीब म्हणजे कॅप्टन. माणूस सरळ होता, पण घाईचा. मी तेव्हा दुसऱ्या शाखेत होतो. एका सकाळी त्याने मला बोलावलं.

“तो आता हिंदीत बोलेना. गावाच्या भाषेत काहीतरी पुटपुटतोय. तुझ्या गावचा आहे का?”

“गावचा नाही, जिल्ह्याचा आहे.”

“मग बघ. बाकी केस खलास आहे. जखमी आज पहाटे वारला.”

चाचाला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी खोलीत गेलो, दोन सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचे चहा, मागवले. चौकशीत पहिला प्रश्न कधी गुन्ह्याचा विचारू नये. माणूस आधी माणसाजागी बसला पाहिजे.

“चाचा, राजापूरला कुठे?”

त्याने मान वर केली. मराठी ऐकून त्याचे डोळे भरले. “जैतापूरच्या अंगाला. तुम्ही आमच्यातले?”

“दापोलीचा.”

“साहेब, सर कसे आहेत? इथे कोणी सांगत नाही. मी रोज विचारतो.”

मी खोटं बोललो असतो तर जबाब सोपा झाला असता. मला ते जमलं नाही. “सर गेले, चाचा. आज पहाटे.”

त्याने ओठांत दुआ पुटपुटली. समोरचा चहा बाजूला सरकवला. मग म्हणाला, “मग आता माझं काय व्हायचं ते होऊ द्या.”

गुन्हेगार असं म्हणत नाही असं नाही, तोही म्हणतो. म्हणून मी त्याच्यावर दया दाखवण्याच्या फंदात पडलो नाही. म्हटलं, “त्या दिवशीचं सुरुवातीपासून सांगा.”

“सरांचा फोन आला. म्हणाले, चाचा, आज लांबवाली भरायची आहेत, बांगडी काढून ठेवा, मी येतोच. मी काढून ठेवली.”

“प्रेसला लावलेली होती?”

“होय तर. लावलेली होती, ती काढली. फडक्यात बांधून खणात ठेवली. हरवायला नको.”

“पण लांबवाल्यांना बांगडी लागते, हे सरांनीच शिकवलं होतं ना?”

“शिकवलं होतं. म्हणून मी थांबलोही जरा. मग म्हटलं, सरांनी डाय नव्या मापाने बसवली असेल. ते सांगतात ते उगाच सांगतील का?”

“सर आल्यावर विचारायचं.”

“सर आले ते थेट मुदीरच्या, मॅनेजरच्या, केबिनमध्ये गेले. आणखी कोणाला काढायचं, त्याची मीटिंग होती. बाहेर सभासद येऊन बसले. मी म्हटलं, बसून कशाला राहू, भरून ठेवू. काही पुंगळ्या फुगल्या. जुना माल म्हणून त्या टाकल्या, बऱ्या दिसल्या त्या ट्रेमध्ये ठेवल्या. सर रागातच बाहेर आले, ट्रे उचलला आणि गेले.”

“फुगल्यावर तरी विचारायचं, चाचा.”

“नोटीस खिशात होती, साहेब. विचारलं असतं तर म्हणाले असते, म्हाताऱ्याला काम येत नाही. सर माझ्यासाठी मुदीरशी भांडत होते, हे मला ठाऊक होतं. त्यांना तोंडघशी कसं पाडू?”

मी बाहेर येऊन नकीबला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि हात झटकले. “हबीबी, विचार कर. इतका मोठा प्रशिक्षक, लांब काडतूस भरायला सांगतो आणि कडं हटवायलाही सांगतो? एक तर मेलेला माणूस मूर्ख होता, नाहीतर तुझा चाचा खोटं बोलतोय. दुसरं मला जास्त पटतं.”

जाणूनबुजून केलं असं ठरलं असतं तर चाचाचं उरलेलं आयुष्य तुरुंगात गेलं असतं. राजापूरला त्याची बायको त्याच्या सुट्टीची वाट बघत होती. नकीब म्हणाला, फोन घरूनच केला असेल, तर बायकोने ऐकला असेल. जा, विचारून ये.

अल मजाजला गेलो तेव्हा घरात बॅगा अर्ध्या भरलेल्या होत्या. बाईंचा भाऊ मुंबईहून आला होता. नऊएक वर्षांची मुलगी निळी बॅग घेऊन आली आणि “ममा, कॅन आय टेक धिस वन?” विचारून आत गेली. घरात माणूस गेलाय हे त्या मुलीला कळलं होतं की नाही, माझ्या लक्षात येईना. बाईंनी मला पाणी दिलं. चाचाने सांगितलेलं मी प्रेसच्या बांगडीसकट त्यांना सांगितलं. पोलीस मराठीत बोलतोय म्हटल्यावर त्यांचा राग मराठीतच बाहेर पडला.

“वकीलसाहेब, त्या माणसाला आम्ही दिवाळीला घरी जेवायला बोलवायचो. ईदला त्यांच्याकडची सांदणं यायची, माझी मुलगी उड्या मारत खायची. आणि आता तो म्हणतो, यांनीच चुकीचं सांगितलं? हे जन्मात असं सांगणार नाहीत. गेलेल्या माणसावर ढकलायला सोपं असतं.”

“फोन तुमच्यासमोर झाला?”

“नाही. गाडीतून केला असेल. घरी कधी क्लबचं बोलायचे नाहीत.”

म्हणजे तोही रस्ता बंद झाला. मी सरांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद मागितले. त्या म्हणाल्या, “तुम्ही येणार म्हणून सगळे कागद काढून ठेवलेत,” आणि टेबलावरची फाईल माझ्यापुढे सरकवली. फाईल देताना त्यांचे हात माझ्या समोर आले. दोन्ही मनगटं रिकामी होती आणि त्यांवर बांगड्यांचे फिकट वळ होते. माझी नजर तिथे गेली असणार, कारण त्या आपणहून बोलल्या.

“सासूबाई फोनवर म्हणाल्या, राहू दे हातात, आता कोण ते मानतं. पण मलाच बघवेना. कालच बांगड्या काढून ठेवल्या.”

मी फाईल उघडली होती. तशीच बंद केली.

“वहिनी, आत्ता काय म्हणालात?”

“बांगड्या काढून ठेवल्या म्हटलं. का?”

मला विचारायचा धीर होईना. नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मी त्या बाईला बांगड्यांविषयी विचारणार होतो. पण विचारणं भाग होतं. “माफ करा वहिनी. पण सर कधी तुम्हाला फोनवर बांगड्या काढून ठेव म्हणायचे का?”

त्यांना वाटलं असेल, या माणसाला काही लाज आहे की नाही. तरी त्यांनी उत्तर दिलं. “म्हणायचे. कोणाकडे लग्न, बारसं असलं की ऑफिसातून फोन करायचे. हिरव्या बांगड्या काढून ठेव, तयार राहा, मी येतोच.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? कपाटातून काढून…”

त्या थांबल्या. स्वतःच्या रिकाम्या मनगटांकडे त्यांनी पाहिलं. बाई हुशार होत्या, मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. भाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता, त्याला काही कळेना.

“घालायला,” त्या म्हणाल्या. “हे घालायलाच सांगत होते त्यांना. आणि चाचा समजले, उतरवा.”

“चाचांना बांगडी प्रेसला लावलेली दिसली, वहिनी. हातात घातलेली बांगडी काढून ठेव म्हटलं, तर माणूस उतरवूनच ठेवणार. सरांना मात्र ती खणात आहे असं वाटत होतं.”

“पण ती खणातच असायला हवी. काम झालं की वस्तू जागेवर, हा यांचा हट्ट.”

ते खरं होतं. ठाण्यात परतलो आणि क्लबच्या कपाटातून जप्त केलेला माल पुन्हा बघितला. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी सरांनी एकट्याने लांब काडतुसांची एक खेप भरली होती. त्या दिवशी चाचा दुपारीच दवाखान्यात गेला होता. ती काडतुसं मापात अचूक होती, म्हणजे कडं तेव्हा प्रेसवर होतं. सर ते उतरवायला विसरले आणि घरी गेले. एवढंच झालं होतं.

नकीबला हे पटवून देणं मला वाटलं त्याहून अवघड गेलं. मी टेबलावर पेनाची टोपी काढून ठेवली, मग खणातून दुसरी टोपी काढून ठेवली आणि म्हटलं, आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. तो दोन्ही टोप्यांकडे बघत बसला.

“घालायला काढलं तरी काढलं, आणि उतरवलं तरी काढलं? तुमचे लोक जगतात कसे?”

“समोरच्याकडे बघून,” मी म्हणालो. “फोनवर बघता येत नाही.”

तो हसला नाही. त्याने जुना जबाब मागवला आणि चाचाचे मराठी शब्द जसेच्या तसे अरबी अक्षरांत लिहायला लावले, खाली दोन्ही अर्थ. सरकारी वकिलांकडे पाठवताना त्याने माझं नाव दुभाष्या म्हणून घातलं. गावातल्या लोकांचं म्हणणं त्या दिवशी थोडं खरं झालं.

आता प्रश्न बाईंचा होता. हेतू नव्हता असं मानलं तरी निष्काळजीपणा उरत होता, आणि तिथे मृताच्या घरच्यांनी माफी लिहून दिली तर शिक्षेवर फार फरक पडतो. त्यासाठी त्यांना जबाब द्यावा लागणार होता की नवऱ्याच्या बोलण्याचे दोन अर्थ होत होते आणि कडं प्रेसवर राहिलं ते नवऱ्याच्या विसरण्याने. कुठल्या बाईला असं लिहून द्यावंसं वाटेल? मी त्यांना आग्रह केला नाही. विमानाच्या आदल्या दिवशी त्या स्वतः ठाण्यात आल्या.

जबाब नीट दिला. एकही शब्द फिरवला नाही. सही करायच्या आधी पेन हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, “हेही लिहा. त्या संध्याकाळी मीच यांना फोन केला होता. आम्हाला गावी पाठवायचं ठरलं होतं, त्याआधी बर दुबईला मीना बाजारात जायचं होतं, मुलीचे कपडे घ्यायला. हे म्हणाले, आवरून निघतो. मी म्हटलं, आवरणं राहू दे, यल्ला, लवकर निघा. म्हणून ती बांगडी तशीच राहिली असेल.”

मी पेन खाली ठेवलं. “वहिनी, हे केसला लागत नाही.”

“मला लागतं.”

“तुम्हाला लागू नये म्हणूनच लिहीत नाही.”

त्या रडल्या. तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. नोकरीत मी जबाबातला एकही शब्द कधी गाळला नाही, ही एवढी चार वाक्यं सोडून. त्याचं मला आजही काही वाटत नाही. चुकीचा शब्द माणसाला आत टाकतो हे मी त्या केसमध्ये पाहिलं होतं. खराच शब्दही एखाद्या बाईला जन्मभर आत ठेवू शकला असता.

निनावी फोन करणारा पुढे कळला. क्लबातलाच होता. नोटीस त्यालाही मिळाली होती, आणि पोलिसांना मदत केली तर मालक ठेवून घेईल असं त्याला वाटलं होतं. मी त्याला फार बोललो नाही. त्या वर्षी बरीच माणसं स्वतःसारखी वागत नव्हती.

कोर्टाने निष्काळजीपणा धरला. बाईंची माफी होती, आणि कोठडीत गेलेले महिने शिक्षेत धरले गेले. चाचाला सोडून गावी पाठवायचा हुकूम झाला. या केसने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर मी नव्या पोरांना एकच सांगत असे. जबाबात अर्थ लिहू नका, शब्द लिहा. अर्थ आपण आपल्याजवळचा घालतो. दुभाष्याने काही खोटं लिहिलं नव्हतं; मीही पहिल्यांदा चाचाचं ऐकलं तेव्हा तोच अर्थ घेतला होता. दोन मराठी माणसं आणि एकाच भाषेतला एक साधा शब्द, जो आपण घरात दिवसातून दहा वेळा वापरतो. आमच्या घरात तेव्हापासून तो मी वापरत नाही. बाहेर काढ म्हणतो, नाहीतर आत ठेव म्हणतो. बायको चिडवते, पोलीस गेला पण पंचनामा गेला नाही.

पण सवय लागायच्या आधी एकदा तो माझ्याही तोंडून निघाला. चाचा सुटून निघाला त्या दिवशी मी काउंटरवर मुद्दाम ड्युटी मागून घेतली होती. त्याचं घड्याळ, पट्टा, तसबीहची माळ, पाकीट पिशवीतून बाहेर काढून मी समोर मांडलं होतं. तो आला, वाळलेला, दाढी पांढरी झालेली. मला भरून आलं आणि काही न सुचून मी बोलून गेलो, “या चाचा, तुमचं सामान काढून ठेवलंय.”

तो काउंटरपासून हातभर अंतरावर थांबला. सामान त्याच्या डोळ्यांसमोर होतं, तरी त्याने हात पुढे केला नाही.

“काढून म्हणजे, साहेब?” त्याने हळूच विचारलं. “मला द्यायला, की ठेवून घ्यायला?”

त्या दिवशी फोनवर विचारायचा राहिलेला प्रश्न त्याने मला विचारला. मी घड्याळ उचलून त्याच्या हातात दिलं.

“द्यायला, चाचा,” मी म्हणालो. “द्यायला.”